चिमटीतला ओलावा

पाइपमध्ये भरायची तंबाखू ओढण्यापूर्वी किती वेळ वाळवावी, हा प्रश्न खामगावात बसून उपस्थित करणे थोडे विनोदी आहे, हे आरंभीच मान्य करायला हवे. आमच्याकडे तंबाखू आहे, पण ती चुन्याबरोबर तळहातावर मळायची किंवा विडीत वळलेली. पाइप आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला तो जुन्या हिंदी चित्रपटांत, जिन्यावरून खाली उतरणाऱ्या श्रीमंत बापाच्या तोंडात. शिवाय तंबाखू कोणत्याही वाटेने घेतली तरी ती अपायच करते. पाइपचा धूर छातीत ओढला नाही म्हणून तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. तेव्हा पुढील विवेचन ही तंबाखूची भलामण नव्हे. प्रश्न घेतला आहे तो एवढ्यासाठी की, त्याचे उत्तर घड्याळाच्या भाषेत देता येत नाही; आणि जे उत्तर देता येते ते आपल्या, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांच्या, रोजच्या कामाशी फार जवळचे आहे.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. पाइपची तंबाखू डब्यातून निघते ती बहुधा ओलसर असते. ती तशी ठेवण्याला कारणे आहेत. ओलसर पानाचा चुरा होत नाही, त्याचा सुगंध टिकतो आणि बंद डब्यात ते वर्षानुवर्षे मुरू शकते. पण साठवणीला जो ओलावा उपकारक, तोच जळताना अडथळा होतो. निखाऱ्याची उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, निखारा पुनःपुन्हा विझतो, ओढणारा अधिक जोराने ओढू लागतो, गरम वाफेने जीभ पोळते आणि नळीत साचलेले पाणी गुरगुरू लागते. उलट तंबाखू फार वाळली तर ती भराभर पेटते, धूर तापतो, आणि ज्या सुगंधासाठी हा सगळा खटाटोप तो वाळवतानाच उडून गेलेला असतो. अतिवाळलेल्या तंबाखूला ओलावा परत देता येतो. उडालेला सुगंध मात्र परत आणता येत नाही.

मग किती वेळ वाळवायची? नवशिक्याला हवे असते मिनिटांतले उत्तर, आणि जाणकार नेमके तेच देत नाही. त्यात त्याचा आडमुठेपणा नसतो. दाबून वडी केलेल्या आणि मग पातळ काप काढलेल्या तंबाखूला वाळायला वेळ लागतो. केसासारखी बारीक चिरलेली पाहता पाहता वाळते. तंबाखू हवेतील बाष्प शोषून घेते आणि कोरड्या हवेत ते सोडतेही. मे महिन्यात खामगावात कागदावर पसरलेली तंबाखू चहा होईपर्यंत कुरकुरीत होईल; जुलैत रत्नागिरीला तीच दिवसभर पसरून ठेवली तर कदाचित अधिकच ओलसर होईल. शिवाय काही सुगंधी तंबाखूंत ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखे ओलावा धरून ठेवणारे पदार्थ मिसळलेले असतात. ती कितीही वाळवली तरी बोटांना दमटच लागते. म्हणजे एकच घड्याळ, एकच माणूस, आणि तरी तीन ठिकाणी तीन उत्तरे.

म्हणून जाणकार घड्याळाकडे न पाहता चिमूट घेतो. अंगठा आणि दोन बोटे यांत तंबाखू दाबायची आणि सोडायची. दाबलेला गोळा तसाच राहिला तर ती अजून ओली आहे. दाबताना कुरकुर आवाज आला तर ती वाळून गेली. दाबल्यावर जमली आणि सोडल्यावर सावकाश उलगडली, तर ती झाली. हे वाक्य वाचून कोणालाही तंबाखू पारखता येईल का? येणार नाही. ‘सावकाश’ म्हणजे किती सावकाश, हे वाक्यात नाही; ते ज्याने दहा वेळा जीभ पोळून घेतली त्याच्या बोटांत आहे. नियम सांगता येतो, पण तो या क्षणी, या चिमटीला लागू पडतो की नाही हे सांगणारा दुसरा नियम नसतो. कांटने १७८१ मधल्या आपल्या ग्रंथात निर्णयशक्तीविषयी हाच मुद्दा मांडला आहे: ती शिकवता येत नाही, तिचा केवळ अभ्यास करता येतो. हंगेरीत जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ आणि तत्त्वचिंतक मायकेल पोलान्यी याने विसाव्या शतकात या न सांगता येणाऱ्या ज्ञानाला स्वतंत्र नाव दिले आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळाही त्याच्याच आधाराने चालतात हे दाखवले.

मराठी माणसाला हे कळायला कांटपर्यंत जाण्याची गरज नाही, स्वयंपाकघरापर्यंत गेले तरी पुरते. साखरेचा पाक एकतारी झाला की दोनतारी, हे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या तारेवर ठरते. चुलीची आच, भांड्याचे बूड, साखरेची जात, सगळे बदलते. तार बदलत नाही. उन्हाळी वाळवणाचेही तसेच. पापड उन्हात कडकडीत वाळू दिला तर तो मोडतो; अर्धवट राहिला तर पावसाळ्यात त्याला बुरशी येते. दोहोंच्या मधला क्षण ओळखून तो उन्हातून उचलायचा असतो. वाळवणाच्या गच्चीवर कोणी घड्याळ घेऊन बसत नाही.

येथे भाषेकडेही थोडे लक्ष द्यावे. मराठीत साधारणपणे फूल सुकते आणि पापड वाळतो. कोकणात सुकट आहे, सुके खोबरे सर्वत्र आहे, त्यामुळे ही विभागणी काटेकोर नाही. पण कल ध्यानात घेण्यासारखा आहे. सुकणे पुष्कळदा आपोआप घडते आणि त्यात काही गमावल्याची छटा असते. वाळवणे हे हेतुपूर्वक करायचे काम आहे, आणि त्याला ‘झाले’ म्हणण्याचा एक क्षण असतो. समीक्षेत मात्र आपण या क्रियेचा विचारच करीत नाही. आपल्या समीक्षेच्या बोलीत ‘ओलावा’ म्हणजे निखळ स्तुती आणि ‘कोरडे’ म्हणजे निखळ निंदा. कवितेत ओलावा आहे म्हटले की काम संपले. पण तंबाखू सांगते की ओलावा जितका जास्त तितके जळणे अवघड. भावना जशीच्या तशी ओली ठेवून लिहिलेली कविता धुमसते, गुरगुरते आणि विझते. वाचणाऱ्याची जीभ तेवढी पोळते. आपल्या भावगीतांच्या आणि करुण कथांच्या परंपरेत असे पुष्कळ साहित्य आहे, आणि आपण त्याला ‘ओलावा’ हे प्रशस्तिपत्र देऊन मोकळे झालो आहोत. ज्याला आपण संयम, अलिप्तता वगैरे म्हणतो ते बहुधा याच वाळवण्याचे नाव असते. आणि तो ओलाव्याचा अभाव नसून ओलाव्याचे प्रमाण असते.

‘पाक’ हा शब्द आपल्या काव्यशास्त्राने स्वयंपाकघरातूनच उचलला, हे विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांना आश्चर्य वाटते. वामनाने पाकाचा विचार केला. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त त्याचा खल केला. कविता ‘झाली’ हे कशावरून ओळखायचे, हा तेथला प्रश्न आहे. वामनाच्या अनुयायांचे म्हणणे असे की, एखादे पद काढून त्याच्या जागी दुसरे ठेवता येईनासे झाले म्हणजे शब्दपाक सिद्ध झाला. यावर राजशेखराने आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत नोंदवले आहे, आणि ते विरोधी आहे. तिच्या मते ती पाकाची नव्हे, कवीच्या असमर्थतेची खूण आहे. कारण महाकवींच्या बाबतीत एकाच आशयाची अनेक रूपे पक्व असू शकतात. राजशेखराने पुढे पाकाचे नऊ प्रकार फळाफळावळीवरून सांगितले: द्राक्षाचा पाक आरंभी बेचव आणि शेवटी गोड, वांग्याचा आरंभी मध्यम आणि शेवटी बेचव, सुपारीचा आरंभी रुचकर आणि शेवटी बेचव, नारळाचा आरंभापासून अंतापर्यंत रुचकर. आणि हे सगळे वर्गीकरण केल्यावरही, पाक आहे की नाही हे शेवटी सहृदयांच्या प्रतीतीनेच सिद्ध होते, असा त्याचा निर्वाळा आहे. आम्हा वऱ्हाडच्या माणसांना या ग्रंथाविषयी थोडी अधिक आपुलकी वाटते, कारण काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह त्याने वत्सगुल्म नगरात लावला आहे. ते वत्सगुल्म म्हणजे शेजारचे वाशीम.

येथपर्यंत सगळे सुखाचे आहे. चिमूट श्रेष्ठ, घड्याळ कनिष्ठ. सहृदयाची प्रतीती श्रेष्ठ, निकषांचा तक्ता कनिष्ठ. साहित्याच्या शिक्षकांना हा निष्कर्ष आवडतो, आणि आमच्या चर्चासत्रांत तो पुनःपुन्हा काढलाही जातो. माझा आक्षेप येथून सुरू होतो. चिमटीचे हे गुणगान ज्या गावात करायचे ते खामगाव कापसाच्या बाजाराचे गाव आहे, आणि दुसऱ्याच्या चिमटीने ठरवलेल्या ओलाव्याचा अर्थ काय होतो हे येथे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

जलंब ते खामगाव हा छोटासा लोहमार्ग १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत खुला झाला, तो कापसासाठी. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. कापसाचा ओलावा हा तंबाखूच्या ओलाव्याचाच भाऊ. फरक एवढाच की येथे हिशोब जिभेचा नसून रुपयांचा. ओला कापूस वजनाला जास्त भरतो; घेणाऱ्याला पाण्याचे पैसे द्यायचे नसतात; आणि ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो. म्हणून दहिवर उतरल्यावर वेचणी करावी असे सांगतात. बाजारात घेणारा गाडीत हात घालतो, मूठभर कापूस दाबतो, सोडतो, आणि बोलतो. तीच ती चिमूट. पाइप ओढणारा आणि व्यापारी, दोघांची बोटे एकच काम करतात. दोघेही आपल्या विषयातले जाणकार असतात. पण एकाचा अदमास चुकला तर त्याची स्वतःची जीभ पोळते. दुसऱ्याचा अदमास ‘चुकला’ तर शेतकऱ्याच्या रकमेतून कटती होते.

जुन्या बाजारांतल्या ‘हत्ता’ पद्धतीत तर ही बोटे रुमालाखाली असत. रुमालाखाली अडत्या आणि खरेदीदार एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेजारी उभा राहून रुमालाकडे बघे. भारतातील पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली कारंज्याला निघाला, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला, तो देशातला या प्रकारचा पहिला. त्यामागे मँचेस्टरचा स्वार्थ होता हे खरेच. शेतकऱ्याचा कळवळा हे त्याचे एकमेव कारण नव्हते. पण बंद बोटे उघड्यावर आणण्याची सुरुवात आपल्याच प्रांतात झाली, याची आठवण साहित्याच्या अभ्यासकांनीही ठेवायला हरकत नाही.

तंबाखूचेच उदाहरण हवे असेल तर निपाणी आहे. सीमाभागातील हे मराठी भाषकांचे गाव विडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ. शेतात पसरून वाळवलेली पाने पहाटे, दव पडल्यामुळे नरम असताना गोळा करतात. ऊन चढल्यावर हात लावला तर त्यांचा चुरा होतो. म्हणजे कापूस वेचणारा ज्या दहिवराची जाण्याची वाट पाहतो, त्याचीच तंबाखूवाला येण्याची वाट पाहतो. एवढे बारीक ज्ञान ज्या शेतकऱ्याच्या बोटांत, त्याला आपल्या मालाचा भाव ठरवण्यात काही स्थान नव्हते. रास्त भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो तंबाखू उत्पादक १९८१ च्या मार्चमध्ये पुणे–बंगलोर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. पानाची प्रत ओळखणारी बोटे दोन्ही बाजूंना होती. भाव बोलण्याचा अधिकार मात्र एकाच बाजूला होता. जाणकारी आणि सत्ता या दोन गोष्टी आपण समजतो तितक्या वेगळ्या नसतात, हे निपाणीने सांगितले.

मग यंत्र आले. आज भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्के ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण दर मिळतो. त्यावर बारा टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे दर कमी होतो. बाराच्या वर कापूस घेतला जात नाही. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा शेतकऱ्यालाही दिसतो. हा मोठा फायदा आहे, आणि बोटांचे गोडवे गाणाऱ्यांनी तो नाकारू नये. आकड्याशी भांडता येते. ‘मला ओला वाटतो’ याच्याशी भांडता येत नाही.

पण आकडा म्हणजे निसर्गाचा निवाडाही नव्हे. ओलावा मोजण्याची मूळ रीत नमुना तोलून, भट्टीत वाळवून, पुन्हा तोलण्याची. बाजारातले हातयंत्र कापसाचा विद्युतरोध पाहून त्यावरून अनुमान काढते. यंत्राची सुई गाडीच्या कडेला टोचली की मधोमध, यावर आकडा बदलतो. ती कोठे टोचायची हे शेवटी एक हातच ठरवतो. आणि मर्यादेचे काय? सोयाबीनच्या हमीभावाने होणाऱ्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा बारा टक्के होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ती त्या हंगामापुरती पंधरा टक्के केली. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. दाण्यातले पाणी तेवढेच राहिले. ‘वाळलेले’ या शब्दाचा अर्थ बदलला. शेतकऱ्याला त्याचा लाभ झाला असेल तर आनंदच आहे; पण बारा हा आकडाही माणसांनीच ठरवलेला होता आणि तो माणसांनाच बदलता येतो, हे त्या आदेशाने उघड केले.

यातून मला एक साधा भेद करावासा वाटतो. ज्याची जीभ, त्याची चिमूट. जेथे पारखणारा आणि परिणाम भोगणारा एकच असतो तेथे चिमटीसारखे दुसरे साधन नाही. तेथे घड्याळ आणि यंत्र घेऊन बसणे म्हणजे शिकण्याची संधी गमावणे. पण जेथे पारखतो एक आणि भोगतो दुसरा, तेथे नुसती चिमूट पुरत नाही. तेथे पारखणाऱ्याने रुमाल काढला पाहिजे. तो आकड्याने काढावा, कारणांनी काढावा, की दुसऱ्या जाणकाराला बोलावून काढावा, हे विषयावर अवलंबून राहील. काढला मात्र पाहिजे.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. साहित्याचा शिक्षक दोन वेगळी कामे करतो आणि ती एकच आहेत असे समजतो. पहिले काम विद्यार्थ्यांची बोटे तयार करण्याचे. अभिनवगुप्ताचा सहृदय जन्मजात नाही. काव्याच्या सततच्या परिशीलनाने त्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालेला आहे. येथे चिमटीला पर्याय नाही. विद्यार्थ्याने कविता स्वतः दाबून, सोडून पाहिली पाहिजे, ती न आवडण्याचा त्याला अधिकार पाहिजे, आणि चार चुकीचे अदमास करण्याची मुभाही पाहिजे. पण आज हे काम आम्ही मिनिटांत उत्तर देऊन उरकतो. ‘या कवितेची वैशिष्ट्ये सांगा’ या प्रश्नाला पाच मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला दोन गुण. मार्गदर्शिकांत ‘ओलावा’ हे एक वैशिष्ट्य म्हणून छापलेले असते, आणि ज्याने ती कविता वाचलेलीच नाही तोही ते लिहून दोन गुण मिळवतो. जेथे बोटे हवीत तेथे आम्ही यंत्र दिले आहे.

दुसरे काम मूल्यमापनाचे. तेथे परिणाम भोगणारा आम्ही नसतो. उत्तरपत्रिकेवर पडलेल्या आकड्याने विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, पुढचा प्रवेश, कधीकधी घरचे लग्न ठरते. आणि तेथे नेमके आम्ही बोटांचे गुण गाऊ लागतो. ‘भाषा कच्ची’, ‘लेखनात दम नाही’, ‘आकलन उथळ’: हे शेरे म्हणजे कापसाच्या गाडीत घातलेला हातच आहे. त्या हाताचे प्रशिक्षण कोणत्या हवेत झाले, हे आम्ही विचारत नाही. रत्नागिरीच्या दमट हवेत तयार झालेली चिमूट खामगावच्या तंबाखूला फार वाळलेली म्हणेल. त्यात तंबाखूचा दोष नाही. वऱ्हाडी घरातून आलेला विद्यार्थी ‘समाज बदलून राहिला आहे’ असे लिहितो, आणि पुण्याच्या पुस्तकांवर वाढलेला परीक्षक त्याखाली तांबडी रेघ ओढतो. वाक्याचा अर्थ स्पष्ट असतो, विचारही कदाचित नेमका असतो. रेघ ओढणाऱ्याला ती सहृदयतेची प्रतीती वाटते. विद्यार्थ्याच्या बाजूने ती कटती असते. जेथे रुमाल काढायला हवा तेथे आम्ही बोटे रुमालाखाली ठेवली आहेत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. मूल्यमापनातही यंत्र आणले, निकषांचे तक्ते आणि ‘निष्पत्ती’चे रकाने वाढवले, तर विद्यार्थी यंत्रासाठी लिहू लागतील, मापनाची रीत कळली की माल त्या रीतीला साजेसा केला जातो, हा सर्व बाजारांचा अनुभव आहे. गेल्या काही वर्षांत सत्रपद्धती आणि श्रेयांक यांबरोबर असे रकाने आमच्याकडे भरपूर आले, आणि त्यांनी निबंध सुधारले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण रुमाल काढण्याचा मार्ग आकडा हाच एकमेव नाही. खामगाव हे चांदीच्या व्यवहाराचेही गाव आहे. तेव्हा सराफाच्या कसोटीचे उदाहरण घेऊ. काळ्या दगडावर धातू घासून कस पाहणारा सराफ डोळ्यानेच निर्णय करतो. तोही अदमासच, पुष्कळ वर्षांच्या सवयीतून आलेला. पण दगडावरची रेघ गिऱ्हाइकासमोर असते. गिऱ्हाइकाला ती पूर्ण वाचता येणार नाही, पण दिसते, आणि तोच दगड घेऊन दुसऱ्या सराफाकडे जाता येते. चिमूट खाजगी असते, आकडा मुका असतो; कसोटीवरची रेघ या दोहोंच्या मध्ये आहे.

साहित्यविचारात या रेघेला आपण कारण म्हणतो. ‘या कथेत ओलावा नाही’ हे चिमटीचे वाक्य. ‘या कथेतली आई चार वेळा रडते, पण ती कशासाठी काय सोडून देते हे एकदाही कळत नाही’ ही कसोटीवरची रेघ. दुसऱ्या वाक्यानेही निर्णय सिद्ध होत नाही. पण ते खोडून काढता येते, त्यावर दुसरे बोट ठेवता येते. अवंतिसुंदरीने नेमके हेच केले. पतीच्या ग्रंथात तिचे मत टिकले ते ती सहृदय होती एवढ्यामुळे नव्हे. तिने महाकवींचा दाखला देऊन कारण दिले म्हणून. सहृदयांच्या प्रतीतीवर निर्णय सोपवणाऱ्या ग्रंथातही सहृदय एकमेकांशी भांडत आहेत आणि कारणे देत आहेत, ही गोष्ट आपण शिकवताना गाळतो. उरतो तो फक्त सहृदयाचा अधिकार, आणि तो अधिकार आम्ही शिक्षक स्वतःकडे घेऊन बसतो.

तेव्हा मागणी अगदी मर्यादित आहे. वर्गात मुद्द्यांचे तक्ते कमी करावेत आणि विद्यार्थ्याला कविता स्वतः हाताळू द्यावी. त्याची जीभ पोळली तरी चालेल, ती त्याचीच आहे. उत्तरपत्रिकेवर मात्र शेरा लिहिला तर त्याखाली त्या उत्तरातलेच एक वाक्य दाखवावे, ज्याच्या आधाराने तो शेरा लिहिला. वेळ नाही, शेकडो उत्तरपत्रिका आहेत, मानधन थोडे आहे, हे सगळे खरे आहे. पण मग निदान ‘भाषा कच्ची’ हा शेरा तरी लिहू नये. आणि निर्णय गंभीर असेल, विद्यार्थी नापास होत असेल किंवा प्रबंध परत जात असेल, तर दुसऱ्या हवेत तयार झालेल्या एका तरी जाणकाराला तो हाताळू द्यावा: नागपूरच्या प्रबंधाला कोल्हापूरचा, पुण्याच्या प्रबंधाला अमरावतीचा. दोन चिमटींत फरक पडला तर त्या फरकाची चर्चा व्हावी, सरासरी काढून तो बुजवू नये.

पाइप ओढणाऱ्या माणसाला यातले काहीच करावे लागत नाही. तो कागदावर तंबाखू पसरतो, थोड्या वेळाने चिमूट घेतो, आणि वाटले तर भरतो. त्याला कोणी कारण विचारत नाही आणि विचारूही नये. आमच्या पेशाला ही चैन परवडणारी नाही, असे माझे मत आहे. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी ते जरूर खोडून काढावे. फक्त ‘पटत नाही’ एवढेच न म्हणता का पटत नाही तेही सांगावे.